हजेरीवरचं दुसरं नाव

ऊस तोडणाऱ्या माणसांची मोजणी वेगळी असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि मुकादमाच्या वहीत नाव लागतं ते एकाचंच. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. सिंधुबाईनं वीस वर्षं ऊस तोडला होता. त्यामुळं सीताफळाच्या शेडवर पहिल्या दिवशी महानंदाताईंनी "किती जणी?" म्हणून विचारलं, तेव्हा ती सहज बोलून गेली, "आमी मायलेकी एकच कोयता बगा." महानंदाताईंनी हजेरीत एक नाव लिहिलं. काम कॅरेटवर होतं, कॅरेटं दोघींची मिळून मोजली जात होती, त्यामुळं यात काही चुकलं असं महिनाभर कुणालाच वाटलं नाही.

शेड शिरूर कासारच्या रस्त्याला, माळावर होती. बायकांच्या गटानं काढलेली. डोंगरातली सीताफळं टेम्पोनं यायची, बायका ती निवडायच्या, चांगली पेटीत भरायच्या आणि उकललेल्यांचा गर काढायच्या. गटाच्या प्रमुख महानंदाताई. कपाळाला भस्माची तीन बोटं, नवऱ्याचं गावात किराणा दुकान, त्यामुळं प्रत्येक गोष्ट तोलून घ्यायची सवय. आवाज तेवढा त्यांनी कधी तोलला नाही. शेडमध्ये त्या बोलल्या की रस्त्यावरचा माणूस वळून बघायचा.

सिंधुबाईची पौर्णिमा वीस वर्षांची, दहावी पास. शेडमध्ये तिची जागा ठरलेली होती. मागच्या दारापाशी, भिंतीला पाठ लावून, उपड्या कॅरेटवर. फळ हातात घ्यायचं, सगळीकडून फिरवायचं आणि मग बाजूला ठेवायचं. सीताफळाचे डोळे उघडले, म्हणजे खवल्यांच्या मधली फट पिवळसर दिसायला लागली, की ते पेटीत. उकललं असेल तर गराला. डोळे मिटलेलं असेल तर वेगळं, कारण कच्चं तोडलेलं फळ पिकत नाही, काळं पडून दगड होतं. बाकीच्या बायका हे काम करता करता मोबाइलवर गाणी लावायच्या आणि सासूपासून सरपंचापर्यंत सगळ्यांची उणीदुणी काढायच्या. पौर्णिमा नुसती फळं निवडायची.

आणि सिंधुबाई दोन कामं करायची. एक फळांचं, दुसरं पोरीचं. गर काढायचं मशीन चालू व्हायच्या आत ती पौर्णिमापुढं जाऊन "मशीन" एवढंच म्हणायची. मग पौर्णिमा ओढणी दुहेरी करून कानांवरून घट्ट बांधायची. गाणी लागली तरी तसंच. महानंदाताईंनी लांबून एका दमात चार कामं सांगितली, तर ती सिंधुबाई ऐकून घ्यायची आणि पौर्णिमासमोर बसून एकेक करून सांगायची. कुणी पौर्णिमाला काही विचारलं की उत्तर सिंधुबाईच्या तोंडून. बायका म्हणायच्या, "पोरगी मुकी हाय काय ग?" त्यावर सिंधुबाई हसायची. हसण्यावारी नेण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे.

दिवाळी झाली आणि मुकादम आदिनाथचा फोन आला. गाडी गुरुवारी सकाळी निघणार होती. सिंधुबाई आणि तिचा नवरा बन्सी जाणार, हे तर ठरलेलंच होतं. पौर्णिमाला न्यायचं नाही, हेही ठरलेलं होतं. गेल्या साली तिला फडावर नेलं होतं. तिथं ट्रॅक्टरवाल्यानं एका संध्याकाळी भोंगे लावून गाणी सुरू केली, आणि पोरगी कान दाबून उसात घुसली. सकाळी सापडली तेव्हा पाचटानं चिरलेलं तोंड रक्तानं भरलं होतं आणि ती जमिनीवर उकिडवी बसून डुलत होती. बन्सी तिच्याजवळ बसून ढसाढसा रडला होता. तेव्हाच दोघांनी कानाला खडा लावला. यंदा पौर्णिमा सिंधुबाईच्या नणंदेकडं राहणार आणि शेडवर काम करणार. सीताफळ संपलं की आवळा, आवळ्यानंतर चिंच. शेड उन्हाळ्यापर्यंत चालायची.

शनिवारी संध्याकाळी सिंधुबाईनं विषय काढला.

"ताई, आमी गुरुवारी निगालो. पौर्णिमा राहील हितंच. तिचं आपलं चालू राहू द्या."

महानंदाताईंनी हजेरीवही उघडून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "पौर्णिमाचं नाव कुठंय हितं?"

"आसं कसं? महिना झाला की तिला."

"तूच म्हनलीस ना, दोघी मिळून एक कोयता? एकच नाव लिवलंय. तू चाललीस म्हनल्यावर ते नावबी चाललं."

महिनाभर पोरीनं हात काळे करून घेतले होते, सीताफळाचा चीक नखांतून निघत नव्हता, आणि वहीत ती कुठंच नव्हती. चूक कुणाची म्हणावी, तर तिची स्वतःचीच.

"मंग आता लिवा की, ताई."

"लिवते. पन नवी बाई म्हनून. नव्या बाईला एक दिस एकटीला बसवून बगतो आमी, तुला ठावं हाय." महानंदाताईंनी वही मिटली. "मी अजून तुज्या पोरीचा आवाज ऐकला न्हाई, सिंधुबाई. काय इचारलं तर तू बोलतीस. तिला काय होतंय का?"

सांगायचं तर आत्ताच होतं. पौर्णिमाला काय होतं ते एका कागदावर लिहिलेलं होतं आणि तो कागद घरी पेटीत, लुगड्यांच्या खाली होता. शाळेतल्या योगीराज सरांनी जिल्ह्याच्या दवाखान्यात चार चकरा मारून तो मिळवून दिला होता. त्यावर 'स्वमग्नता' असा शब्द होता आणि कंसात 'ऑटिझम'. त्या कागदावर पौर्णिमाला दहावीच्या परीक्षेला वेगळी खोली आणि जास्तीचा वेळ मिळाला होता. पण परीक्षा झाली तसा सिंधुबाईनं कागद जो पेटीत घातला, तो पुन्हा उजेडात आणला नाही. बघायला आलेली दोन स्थळं आधीच परत गेली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"काय होत न्हाई," ती म्हणाली. "लाजाळू हाय जरा."

"लाजाळू चालंल. सोमवारी तू बाहीर कॅरेटं धू. आत पाय टाकायचा न्हाई."

सोमवारी सिंधुबाई बाहेर टाकीवर बसली आणि तिनं कॅरेटं घासायला घेतली. हात ब्रशवर, कान शेडमध्ये. पौर्णिमा आत गेली आणि पहिल्याच पावलाला अडली. तिच्या जागेवर ताराबाई बसली होती. मागच्या दारानं वारा येतो, म्हणून बसली होती, त्यात तिचं काही वाईट मनात नव्हतं. पौर्णिमा तिच्यासमोर नुसती उभी राहिली. "काय ग, गिळतीस का मला?" ताराबाई म्हणाली आणि बायका हसल्या. मग महानंदाताईंनी पाठीमागून आवाज दिला, "ए पोरी, उभी कावून? ते चार कॅरेट हिकडं घे, पेट्यांला कागद घाल, आन उकललेली सोमनाथकडं दे." त्यातलं पहिलं काम पौर्णिमाच्या कानापर्यंत पोचतं न पोचतं तोच मशीन चालवणाऱ्या सोमनाथनं बटण दाबलं.

बाहेर सिंधुबाईला कॅरेटं कोसळल्याचा आवाज आला. ती उठली, दारापर्यंत गेली आणि थांबली. सीताफळं सगळीकडं पसरली होती. पौर्णिमा मधोमध उकिडवी बसून दोन्ही तळव्यांनी कान दाबत होती, आणि चार बायका चारही बाजूंनी तिच्या अंगावर ओणवून एकदमच विचारत होत्या, काय झालं, चक्कर आली का, पाणी पाहिजे का. कुणी तरी तिच्या दंडाला धरलं. पौर्णिमानं हात असा झटकला की धरणारी बाई मागं पडली. मग ती उठून मागच्या दारानं बाहेर गेली आणि भिंतीकडं तोंड करून दुपारपर्यंत उभी राहिली.

महानंदाताई टाकीपाशी आल्या. ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर सिंधुबाईला बरं वाटलं असतं.

"लाजाळू म्हनलीस तू."

सिंधुबाई खाली बघत कॅरेट घासत राहिली.

"मला काय करता आलं असतं, सांग? तू मला काय ठावंच होऊ दिलं न्हाईस."

घरी बन्सी ओसरीवर बसून कोयत्याला कानस लावत होता. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं कानस बाजूला ठेवली. "नेऊ मंग बरोबर. भोंगेवाल्याच्या पाया पडतो मी."

"मी येनार न्हाई," पौर्णिमा म्हणाली. ती चुलीपाशी भाकरी खात होती आणि तिनं मान वर केली नव्हती.

"मंग हितं काय करशील?" सिंधुबाई चिडली. "आज काय घातलास गोंधळ, बघितलास ना?"

"आज कुनी सांगितलं नव्हतं. सरांनी सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं सरांनी?"

पौर्णिमानं भाकरीचा घास संपवला आणि मगच बोलली. घास तोंडात असताना ती बोलत नसे. "नववीत पहिल्या दिवशी. सगळ्या वर्गाला. पौर्णिमा दाराजवळ बसंल. तिला मागून हाक मारायची न्हाई. घंटा व्हायच्या आधी सोनाली तिला सांगंल. सगळ्यांना ठावं होतं. तिथं मी पळाले न्हाई." तिनं पुढचा घास मोडला. "तू सांगितलं न्हाईस."

सिंधुबाईला राग आला. पोरगी खरं बोलत होती, म्हणून जास्तच आला. वर्गातल्या चाळीस पोरांना ठाऊक होतं, कुणाचं आभाळ कोसळलं नव्हतं. आणि आपण मात्र बारा बायकांपासून लपवायला महिनाभर पोरीच्या पुढं-मागं नाचलो. आपण पोरीला झाकत होतो की आपली लाज झाकत होतो, हे तिला त्या वेळी नीट कळलं, आणि कळलं ते चांगलंच लागलं.

"मी सांगते उद्या," ती म्हणाली.

"मी सांगते," पौर्णिमा म्हणाली. जेवण झाल्यावर तिनं जुनी वही काढली आणि पालथी पडून लिहीत बसली. एक ओळ लिहायची, खोडायची, पुन्हा तीच लिहायची. बन्सीनं कानस उचलली आणि कोयते घेऊन तो लांब, शेजाऱ्याच्या ओट्यावर गेला.

मंगळवारी सकाळी काम सुरू व्हायच्या आत मायलेकी महानंदाताईंसमोर उभ्या राहिल्या. बायका कॅरेटं लावता लावता कान टवकारून होत्या. पौर्णिमानं वहीचं पान पुढं धरलं. महानंदाताईंनी चष्मा लावला आणि त्यांच्या त्या आवाजात, अख्ख्या शेडला ऐकू जाईल असं वाचलं.

"'मला स्वमग्नता हाय. माझी जागा मागच्या दारापाशी. मशीन चालू करण्याआधी मला सांगा. पाठीमागून हाक मारू नका. एका वेळी एक काम सांगा. मला धरू नका. गाणी नकोत.'" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "हे सोमग्न का काय, ते काय असतं?"

"कागद घरी हाय. दाखवू?" पौर्णिमा त्यांच्या गळ्यातल्या मण्यांकडं बघत म्हणाली.

पण महानंदाताई कागदात अडकणाऱ्या बाई नव्हत्या.

"कागद राहू दे. तुला काय लागतं ते हितं लिवलंय की. जागा, बरं. मशीनचं सोमनाथला सांगते. हाक समोरून, बरं. पन हे गानं—"

"आमी काय दिवसभर मुक्यानं बसायचं का?" ताराबाई मधेच बोलली. "एकीसाठी बाराजणींनी तोंडं शिवायची? आन जागा का म्हनून हिला? वारा काय आमाला नको? मलाबी लिवून आनू का पान?"

बायका हसल्या. सिंधुबाईचं तोंड उतरलं. एवढा वेळ ती बोलली नव्हती ती पोरीनं सांगितलं म्हणून, पण आता तिच्या जिभेवर शब्द आले होते. पौर्णिमा तिच्या आधी बोलली. आवाज सपाट, रागाचा लवलेश नाही, जणू हिशोबातली चूक दाखवत होती.

"छबुबाईंना खुर्ची हाय. त्यांचा गुडघा दुखतो. बाकीच्या खाली बसतात. ताराबाई चारला जातात धार काढायला. बाकीच्या साडेपाचला जातात. सोमनाथदादा तंबाखू खायला दर तासाला बाहीर जातो."

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून छबुबाई खुसखुसल्या. "खोटं काय बोलली पोरगी?" त्या म्हणाल्या. ताराबाईनं पदर सावरला आणि काही तरी बोलायला म्हणून बोलली, "माझी म्हैस दुसऱ्याच्या हाताला दूध देत न्हाई, त्याला मी काय करू?"

"तेच म्हनते मी," महानंदाताई म्हणाल्या. "ज्याची अडचन त्यालाच ठावं." मग त्या किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसल्यासारख्या घासाघीस करायला बसल्या. गाणी जेवणाच्या सुटीपर्यंत नाहीत. सुटीनंतर लागतील, पण तेव्हा पौर्णिमानं मागच्या पडवीत बसून निवडायचं. पौर्णिमानं विचार केला. पडवीत ऊन किती वाजता येतं ते विचारलं. मग हो म्हणाली.

"आन मला काय?" महानंदाताई म्हणाल्या. "बाकीच्या इतकी कॅरेटं भरली पायजेत. त्यात सूट न्हाई."

"दुपारपर्यंत कमी भरतील. संध्याकाळी पुरी होतील."

"आन न्हाई झाली तर?"

"तर उद्या पुन्हा बघा."

महानंदाताई हसल्या. त्यांना असं बोलणं आवडलं असावं. "सिंधुबाई, तू टाकीवर."

त्या दिवशी सिंधुबाईनं एकेक कॅरेट तीनतीनदा घासलं. आतून गाणी आली नाहीत. अकराच्या सुमाराला सोमनाथ तंबाखू मळत बाहेरून आला, तसाच आत गेला, आणि तिला कळलं की हा आता बटण दाबणार. याच्या ध्यानात आहे की नाही? तिच्या घशापर्यंत हाक आली. नुसतं "मशीन" म्हटलं असतं तर झालं असतं. तिनं ओला हात तोंडावर दाबला. गुरुवारनंतर हाक मारायला कोण असणार होतं?

मशीन घरघरलं. सोमनाथ विसरला होता. सिंधुबाई धावली, आणि दारात पोचते तोवर मशीन बंद पडलं.

पौर्णिमा बटणापाशी उभी होती. एक हात कानावर, दुसरा बटणावर. अंग थरथरत होतं, ओठ पांढरे पडले होते. सोमनाथ तोंडातल्या तंबाखूसकट आ वासून बघत होता.

"सांगायचं ठरलंय," पौर्णिमा म्हणाली.

सोमनाथनं महानंदाताईंकडं बघितलं. त्यांनी नुसती मान हलवली. तो बाहेर जाऊन थुंकून आला, पौर्णिमासमोर येऊन उभा राहिला आणि पाहुण्याला आवतण द्यावं तसं म्हणाला, "पौर्णिमाताई, मशीन चालू करतो बरं का."

ती जागेवर गेली. ओढणी दुहेरी केली, कानांवरून बांधली, गाठ ओढून बघितली. मग मान हलवली. सिंधुबाई दारातून मागं सरली. कुणी तिला बघितलं नव्हतं, आणि आज पहिल्यांदा तिचं तिथं काही काम नव्हतं. तिला आनंद झाला आणि त्याच दमात वाईट वाटलं, म्हणून टाकीचं पाणी तोंडावर मारून तिनं कामाला हात लावला.

कॅरेटं दुपारपर्यंत कमी भरली. संध्याकाळी एक कमी पडलं. महानंदाताईंनी ते दोनदा मोजलं, पेट्या उघडून बघितल्या, एकही कच्चं फळ सापडलं नाही, आणि मग त्यांनी हजेरीवही उघडली. "बापाचं नाव लिव, आडनाव लिव, तुज्या हातानं लिव. एक कॅरेट उद्या जास्त." पौर्णिमानं सिंधुबाईच्या नावाखाली आपलं पूर्ण नाव लिहिलं. अक्षर मोठं होतं, ओळीच्या बाहेर गेलं.

गुरुवारी सकाळी गाडी भरली. भांडी, अंथरुणं, शेळ्या, सरपण, दोन कोंबड्यांची खुराडी आणि त्यावर माणसं. पौर्णिमा निरोपाला आली नाही, कारण शेड आठला उघडत होती आणि तिनं घरीच सांगितलं होतं, "मी आठला जानार." आईच्या हातात तिनं उकडलेल्या शेंगांची पिशवी दिली होती. सिंधुबाईनं तिला जवळ घेतलं नाही. घरातच समोर उभी राहून नुसतं "येते" म्हणाली. पौर्णिमा म्हणाली, "ये." तेवढ्यावर दोघींचं भागलं.

गाडी शिरूरच्या पुढं निघाली, आणि ड्रायव्हरनं भोंग्यावर गाणं लावलं. आदिनाथ मुकादम गाडीच्या टपाला टेकून माणसं मोजत होता. "सिंधुबाई, पोरगी न्हाई आनली?"

सिंधुबाईनं वर्षानुवर्षं असल्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवली होती. ताप आलाय, मामाकडं गेलीय, लाजाळू आहे. ती पदर सारखा करून बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ती कामावर हाय, शेडवर. तिला स्वमग्नता हाय. गोंगाट सोसत न्हाई. तर तिनं तिथल्या लोकांला सांगून कामाच्या पद्धतीच बदलून घेतल्या."

बन्सीनं बायकोकडं बघितलं. आदिनाथला यातलं निम्मं कळलं, पण निम्म्यावरही तो दबला. "बरं झालं," तो म्हणाला.

गाणं चालूच होतं. खड्ड्यागणिक भोंगा सिंधुबाईच्या कानाशी आदळत होता. दर साली असाच आदळायचा. दर साली फडावर पोचेस्तोवर तिचं कपाळ ठणकायचं, मळमळायचं, आणि ती गाडी लागते असं समजून चालायची. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

"मुकादम," ती म्हणाली, "त्येवढं गानं बंद करायला सांगा."

"आता कुनासाठी? पोरगी तर न्हाई गाडीत."

"माझ्यासाठी," सिंधुबाई म्हणाली. "मलाबी सोसत न्हाई."

आदिनाथनं तिच्याकडं एकदा बघितलं आणि टपावर हात आपटून ड्रायव्हरला खूण केली. गाणं बंद झालं नाही, पण निम्म्यावर आलं. एवढ्यावर निदान मांजरसुंब्याच्या फाट्यापर्यंत जाता येईल असं सिंधुबाईला वाटलं. पुढचं पुढं पुन्हा सांगता येणार होतं.